जानरावच्या हातातला लोड

यंदा पुन्हा सुरू झालं. रिसालीच्या चौकातल्या टपरीवर कॉलेजचे तीन-चार पोट्टे मोबाईल समोर धरून भांडून राहिले होते. गेमचं नवीन मशीन येणार म्हणे, सहा नंबरचं. एक म्हणे पुढच्या वर्षी येते, दुसरा म्हणे अजून दोन वर्षं नाव काढू नको. एक म्हणे त्यात डिस्क टाकाची जागाच नसणार, दुसरा म्हणे मंग माह्या जुन्या डिस्कचं काय लोणचं घालू का? चाय थंडी होऊन गेली तरी कोणी हार मानत नव्हतं.

माह्या बाजूले बाबाराव बसला होता. तो हसला अन् म्हणाला, "घ्या, जानरावचा खेळ आला परत."

मी कप असा आदळला का चाय त्याच्या पायजम्यावर उडाली. "हसू नको बे!" म्हटलं. बाबारावनं रुमाल काढून पायजमा पुसला अन् दोघांसाठी अजून एक-एक चाय सांगतली.

जानराव जाऊन तीन वर्षं झाली. त्याची गोष्ट कोणी हसत सांगावं हे मले चालत नाही, म्हणून मीच सांगतो.

मी मारोतराव. पोलादाच्या प्लांटमध्ये सिग्नलमन होतो, अन् जानराव क्रेन ऑपरेटर. तो वर, मी खाली, अशी आमची बावीस वर्षं गेली. वर म्हणजे छताजवळच्या केबिनमध्ये, सहा माळे उंच. खाली म्हणजे फ्लोअरवर, जिथून वितळलेल्या पोलादाचं भलं मोठं भांडं क्रेनले लटकून जाते. त्याले लॅडल म्हणतात. भरलं का शंभराच्या वर टन. आवाज इतका का कोणी कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून सारं बोलणं हातानं. बोट वर करून फिरवलं का उचल, बोट खाली केलं का उतरव, पंजा दाखवला का थांब. अन् अंगठा वर केला का समजाचं, सब ठीक, लोड बरोबर आहे.

वरच्या माणसाले भांड्याच्या खालचं काही दिसत नाही. तो फक्त सिग्नलमनकडे पाहते. मी नवीन होतो तवा माह्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, "बायकोशी खोटं बोल, साहेबाशी खोटं बोल, जमलं तं देवाशी बी बोलून पाह्य. पण वरच्या माणसाले खोटा सिग्नल देशील तं तुह्या हातानं कोणाचा तरी मुडदा पडन." ते मी पाळलं. बाकी जिंदगीत थापा कमी नाही मारल्या, आमच्या घरच्या बाईले विचारा.

जानरावचा बाप भंडाऱ्याकडून आला होता, प्लांट उभा होऊन राहिला होता तवा माती खोदाले. बापानं घमेलं उचललं अन् पोरानं लॅडल उचलली, हे जानराव कोणाले सांगत नसे, पण त्याच्या बैठकीत बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यानं बापाचा गेटपास फ्रेम करून लावला होता. बोलाले लय कमी. सकाळी "जय भीम मारोत", सुट्टीच्या टायमाले "चलतो", अन् मधात आठ तास हातवारे. त्याची बायको रुक्मा वयनी म्हणे, "भाऊजी, तुमच्याशी दिवसभर जितकं बोलतात तितकं माह्याशी बोलले असते तं आमची अर्धी भांडणं झालीच नसती."

पण त्याचा हात! भट्टी दुरुस्तीले बंद असली का नवीन पोरं त्याले पिदवत. फ्लोअरवर एक काडीपेटी उभी ठेवत, अन् म्हणत, काका, हूक टेकवून दाखवा. टनभर वजनाचा तो लोखंडी हूक सहा माळ्यांवरून खाली येये, काडीपेटीले लागे अन् काडीपेटी पडत नसे. मी अंगठा दाखवला का वर जानराव दात काढे. इतक्या उंचीवरून मले त्याचे दात दिसत, इतका तो खूश होये.

मी एकदा त्याले विचारलं, कसं करतो गा? तो म्हणाला, "वजन डोळ्याले दिसत नसते मारोत. हातात येते. लोड उचलला का लीव्हर हाताशी बोलते." बाबाराव दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर, त्याले हे पटत नसे. तो म्हणे, लीव्हर कुठी बोलते, सारी क्रेन दबते ते बुडाखाली समजते. यावर हे दोघं वीस वर्षं भांडले. एकाचं वजन हातात, एकाचं बुडात, अन् मी बिचारा मधात.

मंग तो हिवाळा आला. पहिली शिफ्ट होती. रिकामी लॅडल स्टँडवर ठेवाची होती, हजार वेळा केलेलं काम. मी 'हळू उतरव' दाखवलं. अन् ठण्ण करून आवाज झाला. झालं काही नाही, कोणाले लागलं नाही, रिकामं भांडं थोडं जोरात बसलं इतकंच. दुसरा कोणी ऑपरेटर असता तं मी मान वर करून पाह्यलंही नसतं. पण जानरावनं ठेवलेल्या भांड्याचा आवाज मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता. मी वर पाह्यलं. त्यानं डाव्या हातानं उजवा हात धरून ठेवला होता.

त्याच्यानंतर मी त्याच्यावर नजर ठेवून राहिलो. कँटीनमध्ये तो चायचा गिलास दोन्ही हातानं धरे. सहीची वेळ आली का म्हणे, तूच कर माह्या नावानं. मी तीन महिने सांभाळून घेतलं. सिग्नल आधीच देऊ लागलो, जागा जास्तीची सोडू लागलो, खालच्या पोरांले उगाच शिव्या देऊन दूर हाकलू लागलो. मनात म्हणे, दोनच वर्षं राह्यली रिटायरमेंटले, निघून जातील. एक दिवस भरलेली लॅडल खाली येऊन राहिली होती अन् ती झुलली. चार बोटं झुलली असन, जास्त नाही. पण त्यात शंभर टन उकळतं पोलाद होतं, अन् तिच्या बाजूले आठ माणसं उभी होती. त्यातले दोघं कालच भरती झाले होते.

शिफ्ट सुटल्यावर मी साहेबाच्या खोलीत गेलो अन् सांगून टाकलं. माहं नाव घेऊ नका म्हटलं. साहेब भला माणूस, नाव नाही घेतलं. जानरावची मेडिकल झाली. डॉक्टरनं सांगतलं, कंपवात आहे, पुढं वाढत जाईन. त्याले टूल रूममध्ये खुर्ची देली. पगार तोच, मान तोच. पण शेवटचा एक लोडही त्याले उचलू देला नाही. सोमवारी वर होता, मंगळवारी वर नव्हता.

तो मले काही म्हणाला नाही. मीही काही म्हटलं नाही. टूल रूमसमोरून जाताना तो अंगठा दाखवे, मी अंगठा दाखवो. अशी दोन वर्षं काढली अन् एकाच वर्षी दोघं रिटायर झालो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी दोन वर्षं भोगलं.

त्याच वर्षी लॉकडाऊन लागला. जानरावची पोट्टी करिष्मा पुण्याले कंपनीत होती, ती कॉम्प्युटर घेऊन घरी आली अन् घरूनच काम करू लागली. सोबत तिचं गेमचं मशीन बी आलं. डॉक्टरनं जानरावले बोटं हालवत राहा म्हणून सांगतलं होतं. करिष्मानं त्याच्या हातात कंट्रोलर देला, म्हणाली, "पापा, ये लो, बोटांची कसरत." दोन हातात धराचा, दोन्हीकडे अंगठ्यानं फिरवाच्या दांड्या, अन् पुढून बोटानं दाबाचे दोन खटके. जानरावनं तो उलटापालटा करून पाह्यला अन् म्हणाला, "हे तं माहंच केबिन आहे वो."

तिनं त्याले बंदरावरच्या क्रेनचा एक खेळ लावून देला. जहाजावरून डबे उचलाचे अन् ट्रकवर ठेवाचे. बस. ना ढिशूम-ढिशूम, ना पळापळी. पण जानराव सकाळी अकरा वाजता बसे तं जेवाले उठत नसे. वयनी ओरडे, "नातवंडं खेळवाच्या वयात हे काय लावलं बाप्पा!" मी रोज मास्क लावून त्याच्या घरी जाऊन बसो. तो डबा ठेवे अन् माह्याकडे पाहे. मी अंगठा दाखवो. आमचं जुनं काम पुन्हा सुरू झालं असं मले वाटे, अन् लय बरं वाटे.

पण एक दिवस त्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला. "हात रिकामा आहे मारोत," तो म्हणाला. "डबा उचलला तरी रिकामा, ठेवला तरी रिकामा. हे थरथरते, पण सारंच एकसारखं थरथरते, बिघडल्या पंख्यासारखं. लोड येत नाही हातात."

तवा करिष्मा बोलली. नवीन पिढीचं मशीन येणार आहे, पाच नंबरचं. त्याच्या कंट्रोलरचे खटके उलटं जोर लावतात. हलकी वस्तू असली का खटका सहज दबते, भारी असली का बोटाले अडवते. अन् थरथरणं बी बारीक, रेतीवरचं वेगळं, बर्फावरचं वेगळं. "मतलब वजन फील होगा, पापा."

जानरावनं तिले ते पुन्हा सांगाले लावलं. मंग तिसऱ्यांदा. मंग माह्याकडे पाहून म्हणाला, "मले एकदा लोड हातात घ्याचा आहे. एकच. मंग हात गेला तरी चालन."

मी खाली पाह्यलं. त्याचा शेवटचा लोड कोणी खाल्ला होता ते मलेच माहीत होतं न.

टपरी उघडल्यावर ही गोष्ट तिथी पोचली, अन् मंग काय विचारता! आमच्या रिटायर लोकांची ती सभा पाहाले पाहिजे होती. ज्याले रिमोटवर टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही तोही कंट्रोलरवर बोलून राहिला होता. बाबाराव म्हणे, "पोरांच्या खेळण्यात वजन कुठून येईन? अन् आलं तरी वजन बुडाले समजते. त्या कंपनीनं खुर्ची बनवली का?" जानराव म्हणे, "लीव्हर बोलत होती तं खटका बी बोलन." एकजण म्हणे सारा जाहिरातीचा फंडा. करिष्माचे दोस्त तिले सांगत, पहिला माल घेऊ नको, एक-दोन वर्षं थांब, सुधारून येईन, गेमही तवा जास्त येतील. हे बाबारावले लय पटलं. "अबे नव्या भट्टीतून पोलादाची पहिली हीट कधी चांगली निघाली का? थांबावं माणसानं."

जानराव उठला. त्याचा हात खिशात होता, खिशासकट हालत होता. तो म्हणाला, "तुमी थांबा गा. माह्यापाशी थांबाले हात नाही." अन् घरी चालला गेला.

मशीन बाहेरच्या देशांत आलं. इथी नाही आलं. करिष्मा रोज पाहे, तारीख नाही. मंग एकदाची बुकिंगची तारीख आली, दुपारी बारा वाजता. आमी साडेअकरालेच जानरावच्या बैठकीत जमलो. करिष्मा कॉम्प्युटरवर, मी माह्या मोबाईलवर, बाबाराव त्याच्या मोबाईलवर. होय, तोही आला होता, शिव्या देत देत. वयनीनं भजे तळले होते. बारा वाजले. करिष्माच्या कॉम्प्युटरवर नुसतं चाक फिरत राह्यलं. माह्या मोबाईलवर काही दिसलंच नाही. बाबारावचं लागलं! तो ओरडला, "आलं, आलं!" अन् घाईत कुठीतरी दुसरीकडेच बोट दाबलं, पान निघून गेलं. परत उघडलं तवा लिहून होतं, माल संपला. पाच-सात मिनिटांत सारं खतम.

मी बाबारावले काय काय बोललो ते इथी सांगण्यासारखं नाही. जानराव म्हणाला, "असू दे. त्याचं बोट चुकलं. बोट चुकते." मंग त्यानं भज्याले हात लावला अन् भजं खाली पडलं. वयनीनं दुसरं उचलून त्याच्या तोंडात देलं. ते मी पहिल्यांदा पाह्यलं. तिनं असं देलं का तिले सवय होती.

त्याच्यानंतर तो उन्हाळा आला. त्या उन्हाळ्याचं मी बोलत नाही. आमच्या गल्लीतून तीन माणसं गेली, अन् बाबारावची बाई गेली. तवा मशीनचं नाव कोण काढते? फक्त जानराव काढे, हळूच, फोनवर. "मारोत, आलं का गा कुठी?" त्याचा आवाजही आता बारीक होऊन राहिला होता.

पावसाळ्यात मी स्कूटर काढली. सुपेल्यात विचारलं, सिव्हिक सेंटरले विचारलं, पॉवर हाऊसच्या बाजारात विचारलं, रायपूरले जाऊन विचारलं. दुकानातले पोट्टे माहे पांढरे केस पाहून हसत. "अंकल, पोते के लिए?" एकाले मी म्हटलं, "नहीं, दोस्त के लिए. क्रेन ऑपरेटर है. तुझे कोई प्रॉब्लम?" तो हसायचा थांबला, पण माल त्याच्याकडेही नव्हता. दर महिन्याले कुठीतरी बुकिंग उघडे अन् बंद होये. अन् दर महिन्याले जानरावचं एक-एक काम सुटत जाये. पहिले शर्टाच्या बटना गेल्या. मंग चप्पल. मंग चमचा. जुन्या मशीनवर तो आता खेळत नसे, डबे सारे पाण्यात पडत. वयनी एक दिवस दारातच मले थांबवून म्हणाली, "भाऊजी, ते रात्रंदिवस हात पाहत बसतात. मशीन येतपर्यंत हात राहीन का, असं मलेच विचारतात. मी काय सांगू?" अन् पदर तोंडाले लावून ती रडली. मी तिच्या अंगणातली झाडं पाहत उभा राह्यलो.

दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस करिष्माचा फोन आला. "काका, आया! तुम आओ जल्दी."

मी गेलो तं खोका बैठकीत उघडा पडला होता. मशीन टीव्हीशेजारी लावून झालं होतं. पांढरं, उंच. वयनीनं बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली होती अन् कंट्रोलर फोटोखाली ठेवला होता. जानरावनं धुतलेला शर्ट घातला होता, प्लांटचा जुना, खिशावर नाव असलेला. दाढी केली होती. गालावर दोन जागी कापलं होतं.

करिष्मा म्हणाली, "पापा, चार्ज थोडा आहे, एक तास लावून ठेवू मग खेळा न."

"नाही," जानराव म्हणाला. "आता."

तिनं त्याच्या हातात देला अन् मले म्हणाली, "काका, ही निळी लाइट पाहत राहा. लाइट गेली म्हणजे चार्जिंग संपलं, कंट्रोलर बंद. मले आवाज द्या, मैं लगा दूंगी. मेरी मीटिंग है दस मिनट की." खेळ लावून देऊन ती आतल्या खोलीत गेली. वयनी चाय ठेवाले स्वयंपाकघरात गेली. बैठकीत आमी दोघंच राह्यलो.

जानरावनं पहिला डबा उचलला. तो पाण्यात पडला. दुसरा जहाजावर आदळला. तिसरा उचललाच गेला नाही. त्याच्या हाताचं थरथरणं मनगटाच्या वर चढलं होतं, कोपरापर्यंत. त्यानं दात दाबून धरले. मंग थांबला अन् म्हणाला, "समजत नाही मारोत. हा बी हालते, माहा हात बी हालते. दोन्ही एकच होऊन राह्यलं. लोड आला का नाही आला, काही समजत नाही."

दीड वर्ष ज्याची वाट पाह्यली ते हातात होतं, अन् हात त्याले वाचू शकत नव्हता. मले असं वाटलं का ते मशीन उचलावं अन् अंगणात फेकून द्यावं.

"तू उभा राह्य," जानराव म्हणाला. "टीव्हीपाशी. मी टीव्ही पाहूनच चुकलो. वर असताना मी लोड कुठी पाहत होतो? तुलेच पाहत होतो. सिग्नल दे."

मी टीव्हीच्या बाजूले भिंतीशी उभा राह्यलो. एका डोळ्यानं टीव्ही दिसत होता, समोर जानराव. मी बोट वर करून फिरवलं. उचल. त्यानं माह्यावरची नजर हालवली नाही. डबा उचलला गेला, वाकडातिकडा, पण गेला. मी बाजूले हात दाखवला, तो बाजूले आला. ट्रकच्या वर आला. मी बोट खाली केलं अन् दुसऱ्या हाताचा पंजा त्याच्यावर धरला. हळू उतरव. डबा खाली येऊ लागला.

अन् निळी लाइट गेली.

टीव्हीवर डबा हवेतच थांबला. वरून काहीतरी लिहिलेली पट्टी आली. जानरावचं तिकडं लक्ष नव्हतं, हातातल्या कंट्रोलरकडेही नव्हतं. तो माह्याकडेच पाहत होता. त्याच्या हातात ते मेलेलं खोकं थरथरत होतं, कारण हात थरथरत होता. आवाज द्याले मी तोंड उघडलं, तेवढ्यात तोच बोलला.

"मारोत, एक सांगू? त्या टायमाले साहेबाले तूच सांगतलं होतं. मले त्याच दिवशी समजलं."

मी मागं भिंतीले टेकलो.

"अरे, घाबरतो कावून? खरा सिग्नल होता तो. खाली आठ माणसं होती, मी वरून मोजली होती. तू बोलला नसता तं मी उतरलो नसतो." त्यानं दम घेतला, त्याले आता इतकं बोलल्यावर दम लागे. "तू मले बावीस वर्षांत एक खोटा सिग्नल नाही देला. म्हणून तुलेच विचारतो, दुसऱ्या कोणाले नाही विचारत. हे हातात हालून राह्यलं, हे काय आहे? लोड आहे, का माहा हातच आहे?"

आतून करिष्माचा मीटिंगमधला इंग्रजी आवाज येऊन राह्यला होता. मेणबत्ती जळत होती. मी जानरावच्या डोळ्यात पाह्यलं. सहा माळे खालून मी ते डोळे बावीस वर्षं पाह्यले होते, इतक्या जवळून कधी पाह्यले नव्हते. अन् मी हात पुढं केला अन् अंगठा वर केला.

लोड आहे.

तो अंगठ्याकडे पाहत राह्यला. मंग त्याचा चेहरा असा खुलला, ते दात, तेच दात, वरच्या केबिनमधले. "आला न?" तो म्हणाला. "मले वाटलंच. हातात आला." त्यानं दोन्ही हात हळूहळू खाली आणले, लय हळू, जसा भरला लोड आणतात तसे, अन् कंट्रोलर टेबलाच्या काचेवर ठेवला. मी कान लावून होतो. आवाज झाला नाही.

करिष्मा बाहेर आली. तिनं टीव्ही पाह्यला, कंट्रोलर उचलला. "अरे, ये तो बंद पड़ा है! काका, आवाज नाही देला? पापा, तुम्ही बंद कंट्रोलरवरच...?"

मी मेलो तिथंच. मी जमिनीकडे पाहत उभा राह्यलो, आता जानराव काय म्हणते त्याची वाट पाहत.

जानराव खुर्चीत मागं टेकला होता. हात मांडीवर होते, थरथरत होते, पण त्यानं ते धरले नव्हते.

"तुले काय समजते पोरी," तो म्हणाला. "लोड होता. मारोतनं सिग्नल देला न."

वयनीनं चाय आणली. तिनं त्याचा कप धरून त्याले पाजला, अन् मी माहा कप हातात धरून बसलो.